बिनचावीचा चक

१

नवा चक बसवायचं काम तसं दहा मिनिटांचं. मौनीला तासभर लागला.

यंत्र साधंच होतं, टेबलावर मावणारं, हौसेपुरतं. खाली मोटर, तिच्यातून बाहेर आलेला आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला चक. चक म्हणजे यंत्राची मूठ. त्याच्या तीन पोलादी जबड्यांत कोरणी धरायची, अंगावरच्या भोकात आडव्या दांडीची दातेरी चावी घालून जबडे आवळायचे, चावी काढायची, बटण दाबायचं आणि लाकडाचा तुकडा दोन्ही हातांनी फिरत्या कोरणीवर टेकवायचा. तोंड यंत्राच्या जवळ न्यावंच लागतं, त्याशिवाय बारीक काम दिसत नाही.

जुन्या चकाच्या पोटात एक स्क्रू असतो आणि त्याचे आटे उलटे असतात, हे मौनीला माहीत होतं. तरी तो बराच वेळ भलत्याच बाजूला जोर लावत बसला. मग लक्षात आलं. स्क्रू निघाला, ॲलन की, म्हणजे वाकडी षटकोनी सळई, जबड्यांत आवळून तिच्यावर हातोडीचा एक टोला दिला, तसा चक सुटून त्याच्या तळहातावर आला. जड होता आणि गार होता. तीन भोकांपैकी एकाच्या कडेला अजूनही तांबूस डाग होता. तो गंजाचा असेल, असं त्याने ठरवून टाकलं.

"निघाला का?" काकांनी विचारलं.

ते उंबरठ्याच्या बाहेर उभे होते. पत्र्याच्या त्या खोलीत गेल्या आठ महिन्यांत त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं, निदान घरात सगळे तसंच धरून चालले होते. चष्म्याची डावी काच दुधी होती.

"निघाला."

"आज तोंड घरी विसरून आलास की काय? विसरायचं खातं माझ्याकडे आहे बाबा, तू त्यात हात घालू नकोस."

मौनी हसल्यासारखा झाला. हे टोपणनाव काकांनीच ठेवलेलं. नववीत शाळा सोडून तो त्यांच्याकडे कोरकाम शिकायला आला, तेव्हा पहिल्या आठवड्यात तो एकूण चार वेळा बोलला होता, आणि त्यातही दोनदा नुसतं 'हो'.

नवा चक बिनचावीचा होता. बाहेरचं नळकांडं हातानंच पिळायचं, की जबडे आवळले जातात. त्याला भोक नाही, दातरे नाहीत. अंग आरशासारखं गुळगुळीत. मौनीने बोट फिरवून बघितलं, कुठेही अडलं नाही.

"म्हणजे विसरायला काही उरलंच नाही," काका म्हणाले. "हे चांगलं केलंस. आधीच करायला हवं होतं. म्हाताऱ्याच्या हातात चावी द्यायचीच कशाला."

मौनीने जुना चक आणि त्याची चावी तारेनं एकत्र बांधली, पत्र्याच्या डब्यात घातली, झाकण दाबून बसवलं आणि डबा कपाटावर ठेवला. दाराच्या चौकटीशेजारचा खिळा तेवढा रिकामा राहिला. काकांचा नियम होता, चावी एक तर हातात, नाही तर खिळ्यावर. तिसरी जागा नाही.

२

काका तीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. माणसं ज्या दोरावर लटकतात तो दोर तपासायचं काम, तेव्हा विसरणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि ते कधी काही विसरलेही नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे यंत्र घेतलं आणि नातीसाठी बुद्धिबळाचा संच कोरायला घेतला. प्यादी झाली, हत्ती-उंट झाले. चारांतले तीन घोडे झाले.

चौथ्या घोड्याच्या दिवशी, रविवारी दुपारी, कोरणी मौनीने बदलली होती. चावीनं चक आवळला आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तो फ्रेमच्या दुकानात काम करायचा, तिथल्या मित्राचा फोन. मालकांनी गिऱ्हाइकाच्या आजोबांचा फोटो उलटा मढवून दिला होता आणि गिऱ्हाईक दुकानात उभं होतं. मौनीला हसू आवरेना. हसत हसत तो बाहेर आला. फोन संपल्यावर अंगणात शीळ घालत उभा राहिला. तो एकटा असला की शीळ घालायचा, लोकांसमोर कधीच नाही.

आतून बटणाचा खट आवाज आला. मग एकच टण्ण, ताटावर चमचा पडावा तसा. आणि मग काकांचा आवाज, तोही फार मोठा नाही.

फिरत्या चकातून सुटलेली चावी चष्मा फोडून डोळ्यात गेली होती. मौनीने आपल्या निळ्या शर्टाच्या बाहीने रक्त दाबून धरलं. दवाखान्यात पोचल्यावर तो शर्ट काढून त्याने तिथल्याच कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि नुसत्या बनियनवर व्हरांड्यात बसून राहिला.

संध्याकाळी पट्टी बांधलेले काका म्हणाले, "माझीच चूक. मौनी आवळतो, पण शेवटचा पीळ नेहमी मी देतो. दिला असेन आणि चावी तशीच ठेवली असेन. आठवतच नाही बघ."

त्या दिवशी शेवटचा पीळ त्यांनी दिलाच नव्हता. चावीला त्यांचा हातही लागला नव्हता.

काकूंनी मौनीकडे पाहिलं. "तू होतास ना रे तिथं? खरंच यांनीच ठेवली?"

"मी बाहेर होतो," मौनी म्हणाला.

हे खोटं नव्हतं. म्हणून तर ते त्याला आठ महिने गिळता आलं नाही आणि थुंकताही आलं नाही. उद्या सांगू, पट्टी सुटली की सांगू, काका जरा सावरले की सांगू. पण काका सावरलेच नाहीत. एक डोळा गेल्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही, गेला तर गेला म्हणाले. आपण विसरलो याचं मात्र घेतलं. झोपण्याआधी गॅसची खुंटी चार-चार वेळा बघायचे. नातीला शाळेत सोडायला जाणं त्यांनी स्वतःहून बंद केलं. रस्त्यात हात सोडला तर, म्हणाले. घराची किल्ली काकूंच्या हातात दिली. त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईने, आता गुरुवारी अकराची वेळ घेतली होती, स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरांची. काही निघालं, तर हे घर बंद करायचं आणि दोघांना ती आपल्याकडे नेणार.

मौनी सगळं बघत होता, तोंडात मिठाची गुळणी धरून. काकांनी "माझंच चुकलं" म्हटलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवा चक त्याने त्यातूनच आणला होता. सांगायचा धीर नव्हता, म्हणून निदान चावी तरी या घरातून जावी.

३

सोमवारी दुकानात जाता जाता, साडेआठला, तो पुन्हा आला. नवा चक डोलतो की काय ते बघायचं होतं.

चावी खिळ्यावर होती.

त्याने कपाटावरचा डबा काढला. झाकण घट्ट होतं. आत जुना चक होता आणि त्याला गुंडाळलेली तारही तशीच होती, वेढे न उलगडलेली. मधली चावी तेवढी नव्हती.

काकूंनी काढली असेल. झाडताना डबा पडला असेल, चावी निसटली असेल, सवयीने खिळ्याला अडकवली असेल. पटण्यासारखं होतं. त्याने चावी डब्यात टाकली आणि स्वयंपाकघरात गेला.

"काकू, तुम्ही खोली झाडलीत का?"

"मी कशाला जाऊ तिकडं? मला ते यंत्र डोळ्यासमोर नको." काकू कपबशा विसळत होत्या. "एक मात्र बरं झालं हं. आज किती दिवसांनी शीळ घातलीस."

"कधी?"

"सकाळी. साडेसहा झाले असतील, मी आंघोळीला होते. अंगणातून ऐकू आली. म्हटलं, चला, पोरगं माणसात आलं."

साडेसहाला मौनी दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरी झोपलेला होता. आणि आठ महिन्यांत त्याने शीळ घातलेली नव्हती. प्रयत्नही केला नव्हता.

"दुसरं कुणी असेल," तो म्हणाला.

"तुझी शीळ मला कळत नाही होय? शेवटाला सूर चढवतोस, विचारल्यासारखा. चहा घेतोस?"

त्याने घेतला. कप धरताना बोटं चिकट लागली, म्हणून बघितलं तर ग्रीस होतं. नव्या चकाला त्याने ग्रीस लावलेलं नव्हतं. चावीचं असेल.

४

मंगळवारी चावी परत खिळ्यावर होती.

मौनी बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिला. मग आपल्याला तिच्याशी काही देणंघेणं नाही असं दाखवत यंत्राकडे वळला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्याने ते दाखवलंच. नव्या चकात कोरणी घातली आणि नळकांडं मुठीत धरून पिळलं. जबडे मिटत आले आणि त्याच्या अंगठ्याखाली काहीतरी आलं.

एक भोक. चावीच्या टोकाएवढं, गोल, कडेला जरा झिजलेलं. अंगठ्याचं मांस त्यात किंचित रुतलं, तेही त्याला जाणवलं.

त्याने हात उचलला. नळकांडं गुळगुळीत होतं. त्यात खिडकी दिसत होती आणि खिडकीसमोर वाकडं झालेलं त्याचं स्वतःचं तोंड. त्याने हळूहळू एक पूर्ण फेरा बोट फिरवलं. कुठेच काही नाही.

हाताला सवय असते, त्याने स्वतःला समजावलं. इतकी वर्षं भोकं चाचपायची सवय. दात पडला तरी जीभ तिथं जातेच की. दुकानात त्याने चार फ्रेमा कापल्या, त्यातल्या दोन आखूड झाल्या, आणि मालक म्हणाले, "लक्ष कुठंय राजे?" पण दुपारी अंगठ्याकडे नजर गेली. मधोमध एक गोल वळ उमटलेला होता. तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

चावी त्याने त्या दिवशी आपल्याबरोबर घरी नेली आणि पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवली. पेटीला कुलूप लावलं. हे करताना त्याला आपलीच लाज वाटली. एवढ्या खटाटोपात तो दहा वेळा जाऊन काकांना सांगून आला असता. वाक्य लहानच होतं. चावी मी ठेवली होती. बस्स. आरशासमोर त्याने म्हणून बघितलं तर ओठ हलले, आवाज निघाला नाही.

बुधवारी चावी खिळ्यावर होती. जरा झुलत होती, आत्ताच कुणी अडकवल्यासारखी.

काका उंबरठ्यापाशी येऊन उभे राहिले. कालपेक्षा थकलेले वाटले. मौनीकडे बघून त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग तो विचार सोडून दिला.

"सकाळी लवकर उठतोस हल्ली," एवढंच म्हणाले.

"नाही, काका. आत्ताच आलो."

"बरं," काका म्हणाले. खाली बघितलं. "बरं, बरं."

५

गुरुवारी मौनी नऊ वाजता आला. काकांना तोच डॉक्टरांकडे घेऊन जाणार होता, ताई परस्पर तिकडे येणार होती.

आधी तो खोलीत डोकावला. खिळा रिकामा होता. त्याला इतकं हलकं वाटलं की तो चौकटीला टेकून क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याला काका दिसले.

धुतलेला शर्ट, केस नीट विंचरलेले. यंत्रापुढच्या स्टुलावर ते बसले होते. आठ महिन्यांनी. डाव्या हातात चौथा घोडा होता, मान झालेली, तोंड व्हायचं राहिलेलं. उजव्या हाताचं बोट बटणावर.

"जाण्याआधी एकदा बसून बघतो," ते म्हणाले, मान न वळवता. "नव्या चकाला चावीच नाही म्हणतोस. मग माझ्यासारख्याला भीती कसली. नाही का?"

खिडकीतून ऊन सरळ चकावर पडलं होतं. लख्ख दिसत होतं. गुळगुळीत नळकांड्याला भोक होतं आणि भोकात चावी होती. आडवी दांडी काकांच्या तोंडाकडे, चांगल्या डोळ्याच्या समोर.

हे खरं नाही, मौनीच्या मनात आलं. या चकात चावी बसूच शकत नाही. ओरडलो तर काका विचारतील, कुठली चावी. वळून बघतील, तिथं काही नसेल. आणि मग दोनच गोष्टी उरतील. एक तर माझं डोकं फिरलंय, नाही तर चावी हा शब्द माझ्या तोंडी का आला ते सांगावं लागेल. तो गप्प राहिला. एक क्षण, फार तर दोन. पण तेवढ्यात त्याला कळलं की आपण आत्ताही गप्प बसलोय. त्या दिवशी दवाखान्यात बसलो तसेच, तोंड तेवढंच मिटून. डोळा त्यांचा जाणार आणि हिशेब आपण आपल्या लाजेचा करतोय.

काकांचं बोट बटणावर किंचित दबलं.

"काका, चावी."

आवाज फुटका निघाला, पण निघाला.

काकांनी बटणावरचं बोट उचललं आणि अगदी हळू विचारलं, "तुला दिसतेय ती?"

६

"दिसतेय," मौनी म्हणाला, आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटायच्या आत पुढचंही बोलून टाकलं. "त्या दिवशी ती मी ठेवली होती. तुम्ही पीळ दिलाच नव्हता. माझा फोन आला आणि मी तशीच सोडून बाहेर गेलो. तुम्ही काही विसरला नव्हता, काका. कधीच नव्हता."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने उजवी काच पुसली, मग दुधी काचही तितक्याच काळजीने पुसली.

"आठ महिने," ते म्हणाले. आवाज चढला नाही. चढला असता तर मौनीला बरं वाटलं असतं. "आठ महिने मी गॅसची खुंटी मोजतोय. नातीचा हात धरायला भितोय."

मौनीला डोळ्याला डोळा भिडवता येईना. तो भुशाकडे बघत राहिला.

"सोमवारपासून रोज सकाळी ही चावी अशी असते," काका म्हणाले. "घरातल्यांना चोरून येतो मी इथं, साडेसहाला, तुझी काकू आंघोळीला गेली की. नवा चक हाताखाली घालून बघावासा वाटायचा. तर रोज ही त्यात घुसवलेली. काढतो आणि खिळ्यावर ठेवतो. ज्याला भोक नाही त्यात चावी दिसते, म्हणजे डोकंच गेलं म्हटलं. कुणाला सांगणार? आज काढली नाही. म्हटलं, मौनीला दिसते का बघू. दिसली नसती, तर डॉक्टर म्हणतील तिथं सही करून मोकळा झालो असतो."

"मग मला विचारलं का नाही?"

"तुला काय विचारू? तू रोज असतोस की इथं. मी आत येतो तेव्हा तू बाहेर पडत असतोस. पाठमोरा. मला वाटायचं, पोरगं येऊन बघतं, म्हातारा पुन्हा विसरलाय, आणि मला लाज वाटू नये म्हणून न बोलता निघून जातं. तुझ्या त्या गप्प बसण्याचं मला भारी कौतुक वाटायचं, बाबा."

"काका, मी साडेआठच्या आधी कधी आलो नाही."

"तूच. पाठ ओळखू येते मला तुझी. तो निळा शर्ट, कोपराला उसवलेला."

तो शर्ट कुठल्या पिंपात गेला ते मौनीइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हा अंगणातून शीळ आली. सावकाश, अगदी जवळून, शेवटाला सूर चढवलेली, विचारल्यासारखी. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मौनीच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"तू तर इथं आहेस," ते म्हणाले.

मौनी वळला. उन्हात एक पाठ होती. निळा शर्ट, एका हातात फोन, मान थोडी तिरकी, खांदे हसून हसून सैलावलेले. काहीही न केलेल्या माणसाची पाठ. तिच्यात लाजेचा मागमूस नव्हता. मौनीला तिची भीती वाटली आणि त्याच वेळी हेवाही वाटला, इतका की तो बघतच राहिला. आणि बघता बघता त्याच्या ध्यानात आलं की आपली स्वतःची पाठ आता काकांकडे आहे. चावी चकातच आहे. हे सगळं पुन्हा त्या दिवशीसारखंच जुळून आलंय.

तो गर्रकन फिरला. काकांचा हात बटणावर नव्हता, दोन्ही हातांत त्यांनी घोडा गच्च धरला होता. मौनीने चावी पकडली. ती गरम होती, नुकतीच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखी. दातऱ्यांचा कर्र असा आवाज झाला आणि ती निघून हातात आली. चकावर अंगठा फिरवला तर तो गुळगुळीत होता.

अंगणातली शीळ मध्येच तुटली. चावी चकातच राहिल्याचं वाटेत आठवावं, तशी.

मग पावलं ऐकू आली, परत येणारी. पहिली दोन घाईची, पुढची सावकाश.

काकांनी मौनीचं मनगट धरलं. थांब म्हणून की आधाराला, ते कळेना. आठ महिन्यांत त्यांनी कुणाचा हात धरला नव्हता.

"जाऊ नकोस," ते म्हणाले.

"ठेवावी तर लागेल," मौनी म्हणाला.

चावी एक तर हातात, नाही तर खिळ्यावर. हातातली आता पोळायला लागली होती. खिळा दाराच्या चौकटीशेजारी होता, आणि चौकटीत, उंबरठ्यावर, निळी बाही आलेली होती.